रिकामा डबा धाडू नये

जालना, ६ जानेवारी २०२५

कमरून,

विसरायची शर्यत लावली तर तू पहिली येशील, आन बक्षीस घ्यायला जायचं तेवढं विसरशील. काल संपत ड्रायव्हरनं आष्टीच्या यष्टीतून डबा आणून दिला. डबा माझा आन झाकण भलत्याच डब्याचं. वर ते सुतळीनं करकचून बांधलेलं. निम्मी कारळाची चटणी सीटनं खाल्ली. आता ती गाडी परतूरपर्यंत ठसकत जाईल.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, आन आमच्या मुकुलच्या बिल्डिंगीत ओरडायला मनाई हाय. म्हणून मी बोलते, सूनबाई जान्हवी लिहिती, आन तिकडं तुझी नात महजबीन तुझ्या चालू कानात वाचंल. मला अक्षर येत न्हाई, तरी सूनबाईनं काही गाळलं तर कळतं. बोलणं लांब आन ओळ आखूड असली की समजायचं.

हाताचं सांगते. छातीतली गाठ काढली तवा काखेतल्या बी काढल्या, तवापासून डावा हात दुधी भोपळ्यावानी झालाय हे तुला ठावं. माझा चुडा तूच उतरवलास, साबण लावलावून. शेवटच्या दोन बांगड्या वाढवाव्याच लागल्या, आन काच फुटल्यावर रडलीस मात्र तू. तर हितं जालन्यात अशी सूज उतरवायचा दवाखाना हाय. तिथली शरयू नावाची पोरगी रोज माझा हात बघती. पहिल्या दिवशी तिनं हात सोडून मानेवर बोटं फिरवली, मंग पोटावर. म्हणलं, “बाई, माझा हात हिकडं हाय, वाट चुकलीस.” तर म्हणती, “आज्जी, गच्च भरलेल्या यष्टीतून आधी कोण उतरतं? दारातली माणसं. ती उतरली की मागची आपोआप सरकतात. तुमच्या हातात साचलंय त्याचंही तसंच आहे.” मला बराबर पटलं.

आन तिचा हात किती हलका म्हणावा! दुधावरची साय मोडू नये असा. तेल न्हाई, रगडणं न्हाई. बघता बघता डोळा लागतो. काल त्या गुंगीत मला आपला आष्टीचा बाजार पाण्याखाली दिसला. कुणी बुडत नव्हतं. भाजीवाल्या पाण्यातच बसलेल्या, तराजू तरंगून राह्यलेला, आन तुझ्या दुकानातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून वर चाललेल्या, बुडबुड्यावानी. तू तळाशी मांडी घालून बसलेली. मी हाक मारली तर तोंडातून आवाज न निघता एक बांगडी निघाली, आन ती बी तुझ्याकडं न जाता वरच गेली.

जाग येती तवा पट्ट्या बांधणं चालू असतं. बोटापासून खांद्यापर्यंत. आत कापसाची गादी, वर पट्टी, त्याच्यावर आणखी पट्टी. आमच्या मालकांच्या लग्नातल्या फेट्याला लागलं नसंल एवढं कापड. ते बांधूनच मूठ उघडायची, मिटायची, हात वर-खाली करायचा. पाडव्याच्या सुमाराला ह्या हातात तुझ्या हातची बांगडी चढली पाहिजे, असं शरयूला सांगून ठेवलंय.

डब्यात तीळ घातलेत. माझं झाकण शोध.

धुरपदा


आष्टी, १० जानेवारी

धुरपे,

झाकण सापडलं. तुझ्याच घरात. तुझे श्रीपतराव त्यात कोंबड्यांना पाणी पाजून राह्यलेत. महजबीन मागायला गेल्ती तर म्हणाले, “राहू दे, कोंबड्यांना सवय झाली.” आता इल्जाम मागं घे.

दुकानात सध्या महजबीनची अम्मी बसती. मला गुडघ्याची तकलीफ हाय, बस इतकंच. तू जालन्याला जायच्या आधीच्या बाजाराला तुला भेटले न्हाई म्हणून फुगली असशील तर फुगू नको, एका हातानं तू आधीच फुगलेली हायेस.

एक विचारायचं होतं. वाटूरला माझी एक जाऊ हाय. तिचा डावा पाय बरसोंपासून सुजलेला. पहिल्यांदा ताप आल्ता, मंग सूज आली ती गेलीच न्हाई. आधी रात्री उतरायची, आता सकाळी बी तशीच. घोटा दिसत न्हाई. चामडी मोसंबीच्या सालीवानी झाली. ती कुणाला दाखवत न्हाई, नवऱ्याला बी धड दाखवला न्हाई. तिनं विचारलंय की तुझी ती शरयू पायाचं बी करती का. आन कपडे किती काढावे लागतात. आन खोलीत दुसरं कोणी येतं का. जाऊ विचारून राह्यली, मी न्हाई.

डब्यात बोरं धाडलीत. वरची खा, खालची बशीत काढून बघून खा.

कमरुन्निसा


जालना, १६ जानेवारी

कमरून,

तुझा नवरा महेमूद आईबापाला नवसानं झालेला एकुलता एक. त्याला ना भाऊ, ना बहीण. मंग ही वाटूरची जाऊ कोणत्या वेलीला लागली? सूनबाई म्हणाली, “आई, असं तोंडावर लिहायचं का?” म्हणलं, लिही. अक्षर मोठं काढ.

ऐक आता. तू दुकानात बाईचा हात हातात घ्यायचीस आन तिच्या माहेराचं विचारायचीस. आई कशी हाय, विहिरीला पाणी हाय का, भावजय बोलती का. बाई मनानं माहेराच्या वाटेला लागली की तू अंगठा आत दाबून बांगडी सरकवायचीस. ती परत येईपर्यंत चुडा भरलेला असायचा, आन तू म्हणायचीस, “दुखलं का? न्हाई ना? झालं, चढली.” साऱ्या आष्टीच्या मनगटांची मापं तुला पाठ, आन तुझा पाय मात्र कुणी पाह्यला न्हाई. मांडी घालून बसलीस ती बसलीस. नव्या सुनांना तर वाटायचं, मनियारनीला पायच न्हाईत.

मला आज उमगलं, तू बाजाराला का येत न्हाईस. मी उगाच फुगले होते, ते कबूल. दुसऱ्या हातानं.

शरयू पायाचं करती. बाईच हाय. पडदा हाय, कडी हाय. पाय वरपर्यंत उघडावा लागतो, मान आन पोट बी, पण अंगावर चादर असती. खोलीत त्या चादरीखाली पडलं की खिडकीतून लिंबाची सावली छतावर हलत राहती, आन माणूस आपल्या शरीरापासून जरा लांब जातं, शेजारच्या गावाला गेल्यावानी. लाज बी बरोबर येत न्हाई, घरीच राहती.

तिळगुळाबरोबर माझी एक जुनी पट्टी धुऊन धाडलीय. हात लावून बघ. नुसतं कापड हाय, चावत न्हाई. बघ आन ये.

धुरपदा


आष्टी, २५ जानेवारी

धुरपे,

जाऊ गेली. पाय माझाच हाय. तुझ्यासमोर काही लपत न्हाई, तू अनपढ असून बी.

पण जालन्याला यायची जरूरत न्हाई. तू धाडलेली पट्टी मीच बांधली, वर माझ्या जुन्या ओढणीच्या दोन चिंध्या. सारी जिंदगी माप घेण्यात गेली, मला काय शिकवायचं? सुरुवातीला खाली घसरून राह्यली होती. मंग मनियारनीचा कायदा लावला. एक कडं घट्ट बसलं की बाकीच्या बांगड्या जागा सोडत न्हाईत. गुडघ्याखाली पक्की आवळली, खाली ढिली सोडली. आता बिलकुल हलत न्हाई. पंजा जरा भरून आलाय आन गरम लागतो, पण तो हिवाळ्याचा असंल. 

दुपारी पाय उशीवर ठेवून पडते तवा तुझ्यावानी मला बी दिसतं. पट्टीची गुंडाळी सुटत सुटत दारातून बाहेर जाती, बाजारातून, दुधना नदीच्या पुलावरून, आन तिचं दुसरं टोक कुणाच्या हातात हाय ते दिसत न्हाई.

महजबीन म्हणती तुला विचारून बांधायला पाह्यजे होतं. ती डॉक्टर होणार म्हणती, म्हणून आत्तापासून हुकूम करती.

डब्यात हुरडा हाय, अजून गरम हाय.

कमरुन्निसा


जालना, २६ जानेवारी

कमरून, हे वाचत असशील तर वाचणं थांबव आन आधी पट्टी सोड. आत्ता.

जान्हवी सकाळपासून तुमच्या घरी फोन लावती, लागत न्हाई, म्हणून संपतच्या हाती ही चिठ्ठी धाडते. शरयूला विचारलं. तिनं कपाळाला हात लावला. पट्टी बोटाकडं घट्ट आन वर जाता जाता ढिली असती. तू उलटं केलंस. तू यष्टीचं दारच बंद केलंस आन मागून माणसं चढवून राह्यलीस! पाय लाल, गरम, अंगात थंडी-ताप असंल तर आजच दवाखान्यात जा. चोळू नको, लेप लावू नको, घरी बसू नको.

माझी अक्कल कुठं गेल्ती की तुला पट्टी धाडली. तू बघून गप बसणारी असतीस तर मनियारीण कशाला झाली असतीस.

डब्यात काही घालायला वेळ न्हाई. गुळाचा खडा घातलाय.

धुरपदा


जालना, ४ फेब्रुवारी

कमरून,

आज डबा आला. माझाच डबा, माझंच झाकण. धुतलेला, पुसलेला, चकचकीत. आन रिकामा.

मी तो उलटा करून बघितला. झाकणाच्या आत बघितलं. आपल्या दोघींत कधी भांडी रिकामी गेली का? तुझा महेमूद गेला त्या महिन्यात बी तू माझ्या वाटीत चार दाणे साखर टाकून धाडली होतीस. रिकामं भांडं म्हणजे घरातलं बोलणं संपलं, असं माझी सासू म्हणायची. तुझी बी म्हणायची, तिच्या भाषेत.

जान्हवीनं रोज फोन केला. तुझी सून म्हणती, दादी झोपल्यात. सकाळी बी झोपल्यात, सांजच्याला बी झोपल्यात. एवढी झोप तुला कधीपासून लागली? माझी तर गेली. आज शरयूच्या हाताखाली सुद्धा डोळा लागला न्हाई. छतावर लिंबाची सावली होती, पण ती नुसती सावलीच होती.

महजबीन, हे पत्र तू आधी वाचशील. बाळा, खरं काय ते लिही. दादीला वाचून दाखवू नको.

धुरपदाआज्जी


आष्टी, ७ फेब्रुवारी

धुरपदाआज्जी,

हे मी माझ्या मनाने लिहीत आहे. पट्टी सोडायचं तुमचं पत्र आलं त्या दिवशी दादीचा पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला होता आणि दातावर दात वाजत होते. अब्बांनी परतूरच्या दवाखान्यात नेलं. सलाईन आणि इंजेक्शनं झाली. आता घरी आणलंय, ताप गेलाय, लाली उतरतेय. फोनवर खोटं सांगायची दादीची शपथ होती. डबा अम्मीने घाईत धुऊन संपतकाकांकडे दिला. रिकाम्या डब्याचं तुमचं पत्र वाचून अम्मी फार रडली, म्हणाली, मला सुचायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले की असा ताप परत परत आला तर पाय दगडासारखा होईल आणि चालणं जाईल. लाली पूर्ण गेल्यावर जालन्याला जाऊन नीट उपचार घ्या. पण दादी ऐकत नाही. म्हणते, “एका डॉक्टरनं बघितला, तेवढं बस झालं. आता कबरीतच उघडीन.” दुकानाची किल्लीसुद्धा अम्मीला देऊन टाकली.

तापात ती सारखी बोलत होती. म्हणत होती की गावातल्या सगळ्या बायका दारात उभ्या आहेत, बांगड्या परत घेऊन आल्यात, आणि त्यांना सांगा पाय झाकू द्या, मग आत या.

तुमच्यावर ती रागावलेली नाही. काल विचारत होती, “धुरपीची बांगडी चढली का?”

डब्यात अम्मीने खजूर भरलेत. काठोकाठ.

महजबीन


जालना, ११ फेब्रुवारी

कमरून,

आज तुला काही बोलणार न्हाई. पायाचं न्हाई, पट्टीचं न्हाई. आज मला सांग, तुझ्या माहेराला, तीर्थपुरीला, तुमच्या घरामागं ती चिंच हाय का अजून?

मला ती काल दिसली. मी एकदाच आल्ते तुझ्याबरोबर, तुझ्या भावाच्या लग्नाला. तुझी अम्मी अंगणात बसून शेवया वळून राह्यली होती, आन बाजेवर पसरलेल्या शेवयांतून ऊन गळून खाली पडत होतं. तुझा एक चिमणा भाऊ त्या उन्हाच्या रेघांवर पाय ठेवून चालायचा, मोडतील म्हणून हळू हळू. आठवतं? विहीर मोठी होती. काठावर बसलं की खालून गार वारा यायचा आन आपलं बोलणं खाली जाऊन जरा वेळानं परत यायचं, जरा शहाणं होऊन. तुझी आई म्हणाली होती, हिचे पाय बघा, घरात टिकत न्हाईत. तू त्या चिंचेवर चढलीस, नव्या शरार्‍यावर डाग पाडून घेतलास, आन वरून मला म्हणालीस, वर ये, हितून सारं गाव दिसतं, आन मी म्हणलं मला भीती वाटती, आन तू म्हणालीस भीती वाटती तर डोळे मिट आन हात दे, आन सोमवारी सकाळच्या यष्टीत संपतनं दारामागची सीट तुझ्यासाठी धरलीय, शरयूनं पडद्याला नवी दोरी लावलीय, मी खोलीच्या बाहेर दाराला पाठ लावून बसणार हाय, कुणी आत येणार न्हाई, आन मी डोळे मिटून हात दिला, आन खरंच सारं गाव दिसलं.

दुखलं का? न्हाई ना?

झालं. चढली.

डब्यात काही न्हाई असं समजू नको. तळाशी साखर हाय. सोमवारी डबा तूच घेऊन ये.

धुरपदा


जालना, १४ मार्च

धुरपे,

माझाच डाव माझ्यावर टाकलास. महजबीन वाचत होती आन मी चिंचेवर होते, अल्ला कसम, आन खाली उतरेपर्यंत हो म्हणून बसले होते.

तू आष्टीला परत गेलीस तवापासून मुकुलच्या घरात मोठ्यानं बोलायला मीच उरले. जान्हवी लिहून राह्यली. चांगली पोर हाय. मी रोजा धरला न्हाई म्हणून उदास होते, तर तिनं संध्याकाळी माझ्यासाठी खजूर काढून ठेवले आन म्हणाली, “मावशी, औषध घेणाऱ्याला माफ असतं ना? मग तोंड का असं?”

पहिले आठ दिवस मी चादर हनुवटीपर्यंत धरून होते. शरयूनं काही म्हणलं न्हाई. ती मानेपासून सुरुवात करती, मंग पोट, मंग मांडी. पायापर्यंत येती तवा मला झोप लागलेली असती. झोपेत पाणी चालताना ऐकू येतं, दुधनेचं न्हाई, लांबच्या कुठल्यातरी नदीचं, आन ते दारं ठोठावत जातं, उघडा, मी घरी चाललोय.

परवा पट्टी सोडली तवा शरयू म्हणाली, “बघा.” मी बघितलं. घोटा! हाडाचा गोल, चामडीखाली, पातळ ढगाच्या आत चंद्र असावा तसा. मी त्याला बोट लावलं. धुरपे, मी तो विसरले होते. माझाच घोटा, आन मी त्याला पाहुण्यावानी बघून राह्यले.

शरयू म्हणती, पाय आता रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मापाचा घट्ट मोजा घालायचा, आन मांडी घालून दिवसभर बसणं बंद. मी विचार केला. मंग दुकान कसं करायचं? पाय पुढं लांब करून, स्टुलावर ठेवून बसावं लागंल. म्हणजे साऱ्या आष्टीला दिसंल.

श्रीपतरावांना सांग, एक ठेंगणं स्टूल करून ठेवा. किल्ली सुनेकडून मागून घे.

डब्यात जान्हवीनं केलेले मुरमुऱ्याचे लाडू. कडक हायेत, दात सांभाळ.

कमरुन्निसा


आष्टी, २६ मार्च

कमरून,

ह्यावेळी महजबीन लिहिती. तिचं अक्षर जान्हवीपेक्षा बारीक हाय, त्यामुळं काय गाळलं ते कळत न्हाई. हुशार निघाली.

स्टूल झालं. मालकांनी बाभळीचं केलंय, चार पाय सारखे करता करता ते ठेंगण्याचं आणखी ठेंगणं झालं. तुझ्या दुकानात नेऊन ठेवलं. पहिल्या दिवशी त्याच्यावर आमची कोंबडी बसली, तिला बी पाय वर ठेवायचा असंल.

माझ्या हाताला आता घट्ट बाही असती, दिवसभर. सकाळी बाही घालायच्या आधी पाच मिनिटं मनगट मोकळं असतं. तुझ्या सुनेनं बांगडी पुढं केली, म्हणाली, “आज्जी, आता आरामात चढंल.” मी म्हणलं, चढू दे न चढू दे, ती तुझी सासू आल्यावर. पाडवा पुढच्या वर्षी बी येतो. उन्हात हात धरला की मनगटाची रेघ दिसती, मी तिच्याकडं बघत बसते आन चहा गार होतो.

आता ऐक, हे खास. काल मी तुझ्या दुकानात बसले होते. गल्लीतली बेबीनंदा आली. बांगड्या बघितल्या, घेतल्या न्हाईत. स्टुलाकडं बघत राह्यली. विचारलं, “हे कुणाला?” म्हणलं, “कमरूनला. ती पाय वर ठेवून बसणार हाय, पाय बरा करून येऊन राह्यली.” तिनं पदर नीट केला. जायला उठली, उंबऱ्यातून परत आली, आन अगदी हळू म्हणाली, “मावशी, माझ्या एका जावेचा पाय सुजतो...”

मी हसले न्हाई. कसं जमलं ते मला ठावं. म्हणलं, “बस की. तुझं माहेर कोणतं गं?”

तर जल्दी बरी हो, गिऱ्हाईक वाट बघून राह्यलंय. शरयू म्हणाली तर ईदला ये, न्हाई म्हणाली तर ईदनंतर ये, पण मोज्याचं माप देऊनच ये, अर्धं सोडून येऊ नको.

ईदला येणं झालं न्हाई तर संपतबरोबर शिरखुर्मा धाड. शेवया तुपात जरा जास्त परत, खारीक कमी घाल, चारोळी सढळ हातानं, आन दूध आटवताना जान्हवीबरोबर गप्पा मारत बसू नको, तळाला लागतं. झाकण त्याच डब्याचं लाव. आन दूध नासलं, शेवया संपल्या, काहीच जमलं न्हाई, तर साखरेची चिमूट टाक, पण डबा रिकामा धाडू नको.

धुरपदा